निबंधातले ‘क’

बाबा वाचत तेव्हा त्यांचे ओठ हलत. शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं वाचन मिलच्या नोटीस बोर्डावर आणि वस्तीतल्या सभेच्या पत्रकांवर झालेलं. त्यामुळे अक्षर डोळ्यांनी उचलून आधी तोंडात घ्यायचं आणि मगच त्याचा अर्थ लावायचा, अशी त्यांची रीत. मिलचा भोंगा झाला, की पाऊण तासात ते घरी येत. मोरीवर हातपाय धुऊन, माय भाकरी थापत असे तिथे चुलीजवळच पाट घेऊन बसत आणि म्हणत, ‘आण वं, आज काय लिवलं ते.’ मी माझ्या शोधनिबंधाची त्या दिवसाची पानं त्यांच्या हाती देई. अंबाडीच्या भाजीला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास, मायच्या हातातल्या भाकरीची थापथाप आणि बाबांची ती पुटपुट. ‘सामाजिक स्तरीकरण’ हा शब्द त्यांच्या तोंडून तीन वेळा घसरून चौथ्यांदा नीट निघाला, की माय हसे. आता मला भिंगाशिवाय वाचता येत नाही आणि परवा नातीनं सांगितलं, की आजी, तुझे ओठ हलतात. मला बरं वाटलं.

निबंधाचा विषय इस्लाम कसा झाला, हे त्या काळी मला सगळे विचारत. आम्ही बौद्ध, मी लहान असताना दीक्षेच्या मैदानावर बाबांच्या खांद्यावर बसून गेले होते म्हणे. मग बौद्ध मुलीनं समाजशास्त्राच्या एम. ए.ला इस्लामवर काहून लिहायचं? खरं कारण होतं करीमचाचा. मिलमध्ये आमच्या लोकांना कताईत काम मिळे, विणाईत नाही. कारण साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर, सुताची कांडी बदलली, की आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत श्वासानं ओढून घ्यावं लागे, आणि ज्या धोट्याला आमचं तोंड लागलं त्याला दुसरा कोण तोंड लावणार? करीमचाचा कामठीचे, पिढीजात विणकर, मिलमध्ये विणाईतले कामगार. त्यांनी एक दिवस बाबांना बदली कामगार म्हणून शेजारच्या साच्यावर उभं केलं. आजूबाजूचे चौघं काम थांबवून हात बांधून उभे राहिले. तेव्हा करीमचाचांनी बाबांच्या हातातून नुकताच वापरलेला धोटा घेतला, तोंडाला लावला, सूत ओढलं आणि परत दिला. बाबा ही गोष्ट अनेकदा सांगत. पुढे दीक्षेच्या आधी करीमचाचा बाबांना एकदाच म्हणाले होते, आमच्याकडे ये. बाबांनी काही दिवस त्याचा विचारही केला. शेवटी ते आपल्या माणसांबरोबर मैदानावर गेले, आणि त्या संध्याकाळी करीमचाचा आमच्या घरी मिठाई घेऊन आले.

तर असा माणूस लहानपणापासून पाहिलेली मुलगी निबंध लिहायला बसली तेव्हा तिचा निष्कर्ष आधीच ठरलेला होता: इस्लाममध्ये जन्मावरून उच्चनीच नाही, तो माणसाला जातीतून सोडवतो. पहिली साठ पानं मी झपाट्यानं लिहिली. माझे मार्गदर्शक, त्यांना मी इथे सर एवढंच म्हणेन, ती वाचून थंडपणे म्हणाले, की ही प्रार्थना झाली, युक्तिवाद नाही. आपल्याला आवडतं ते सिद्ध करायला फार कष्ट पडत नाहीत. विरुद्ध बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा शोध, त्याला तोंड दे, आणि मगही तुझं म्हणणं उभं राहिलं तर ते तुझं. पुस्तकांत मला निकाहाच्या संदर्भातला ‘बरोबरी’चा जुना वाद सापडला. जोडीदार बरोबरीचा असावा, पण बरोबरी कशात? काही विद्वानांनी ती कुळात आणि धंद्यातही धरली होती, काहींनी फक्त धर्मनिष्ठेत. पुस्तकांत हे एवढंच. लोक प्रत्यक्षात काय करतात ते पाहायला सरांनी मला घराबाहेर पाठवलं, आणि मी कामठीला जाऊ लागले.

त्या रविवारांइतके सुखाचे दिवस माझ्या तरुणपणात थोडेच असतील. नागपुरात आमच्या इंदोऱ्याच्या चौकातून बस मिळे. कामठीच्या त्या मोहल्ल्यात शिरलं, की दोन्ही बाजूंनी हातमागांची खटखट सुरू होई, एका घराचा ताल दुसऱ्यात मिसळलेला, आणि घराघरांपुढे रंगवलेलं सूत दोरीवर वाळत असे. करीमचाचांच्या घरी दोन माग होते; सुटीच्या दिवशी ते स्वतः एकावर बसत. मिलमध्ये सहा दिवस साचे चालवून सातव्या दिवशी घरी पुन्हा माग चालवणारा हा माणूस म्हणे, की तो मिलचा आवाज, हा माझा. चाची मला सोडत नसे. तिचा दालचा आणि भात, वर कांद्याच्या चकत्या. थाळी एकच मोठी, तिच्याभोवती सगळे, आणि मीही. पहिल्या दिवशी माझा हात थाळीकडे जाता जाता अडखळला, तेव्हा चाचीनं माझं मनगट धरून तो भातात ठेवला. मी वहीत लिहिलं: एक थाळी. शेजारी अधोरेखित केलं.

करीमचाचा माझ्या प्रश्नांना मागावर बसल्या बसल्या उत्तरं देत. दोस्ताची पोरगी कालेजात शिकते, तिच्यापासून काय लपवायचं, अशी त्यांची भावना. नमाजाबद्दल, दफनाबद्दल, सणांबद्दल ते भरभरून बोलले. मग लग्नावर गाडी आली तेव्हा त्यांचे पाय जरा मंदावले. ‘मशिदीत पाहशीन तर खांद्याले खांदा,’ ते म्हणाले. ‘पण बेटी देणंघेणं आलं, की ज्याचा त्याचा मोहल्ला.’ मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या धाकट्या बहिणीची, जुबेदाची, सगाई नागपूरच्या एका मोठ्या घराण्यात झाली होती आणि तुम्ही जुलाहे, म्हणजे विणकर, म्हणून त्या लोकांनी ती मोडली. सांगताना त्यांचा आवाज वीस वर्षांनंतरही कडू झाला. आणि त्याच दुपारी, त्याच ओघात, त्यांनी हेही सांगितलं, की त्यांचा मोठा मुलगा पखालीनं पाणी भरणाऱ्या एका घरच्या मुलीशी लग्न करू म्हणत होता, पण ते काही जमण्यासारखं नव्हतं. मी विचारलं, काहून? ते म्हणाले, ‘आमच्यात नाही होत तसं.’ दोन गोष्टींमध्ये त्यांना काही विसंगती दिसली नाही. मला दिसली. मला इतकी लख्ख दिसली, की बसमध्ये बसायला जागा असूनही मी उभ्यानंच परत आले.

आठवड्याभरात मी ते प्रकरण लिहिलं. करीमचाचांचं नाव अर्थातच घातलं नाही. त्यांना ‘क’ केलं. ‘क हे कामठीचे विणकर असून नागपूरच्या एका कापड गिरणीत विणाई विभागात बावीस वर्षे काम करतात.’ ती पानं चुलीजवळ बाबांनी वाचली. एका ठिकाणी त्यांचे ओठ थांबले.

‘हे त्यानं तुले सांगतलं?’

मी हो म्हटलं.

‘लिवू का म्हणून इचारलं होतं त्याले?’

मी समजावलं, की नाव नाही, फक्त अक्षर आहे, संशोधनात असंच करतात. बाबांनी पानं नीट जुळवून परत दिली. त्या दिवशी ते पुढचं वाचत बसले नाहीत, आणि मला त्याचा रागच आला. माझ्या मनात आलं, की ह्यांना युक्तिवाद कळत नाही, फक्त माणसं कळतात. हे वाक्य आज लिहायची लाज वाटते, पण तेव्हा ते माझ्या मनात आलं होतं खरं.

सर मात्र खूश झाले. इतके, की शहरातल्या एका व्याख्यानात त्यांनी माझं ते प्रकरण जवळजवळ जसंच्या तसं सांगितलं, विद्यार्थिनीचं कौतुक करत. सरांच्या मनात काळंबेरं नव्हतं. आज मी हे पूर्ण विचार करून लिहिते. पण सभागृहात बसलेल्या एकानं ते उचललं आणि एका स्थानिक पत्रात मजकूर आला. मथळा होता, ‘तिकडेही जातच!’ माझी साठ पानं, थाळी, मशिदीतला खांदा, मुलाचं लग्न, सगळं गळून मजकुरात उरली ती एका विणकराच्या बहिणीची मोडलेली सगाई आणि तिच्यावर एक हसू. शेवटी लेखकानं विचारलं होतं, की मग धर्म बदलून काय मिळतं? म्हणजे तो आमच्याकडे पाहूनही हसत होता. मिलच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी तो मजकूर मोठ्यानं वाचला. कामठीहून येणारे, विणाईत बावीस वर्षं असलेले विणकर मिलमध्ये किती होते? एकच.

करीमचाचा भांडले नाहीत. त्यांनी जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, सांगून आपले साचे दुसऱ्या रांगेत मागून घेतले, एवढंच. बाबांच्या डब्यातली अर्धी भाकर रोज त्यांची असे. ती आता डब्यात परत येऊ लागली. माय डबा उघडून पाही, ती अर्धी भाकर काढून ताटलीत ठेवी. बाबांनी माझी पानं मागणं सोडलं. घरात बोलणं फक्त पाणी, मीठ, साबण एवढ्यापुरतं उरलं. मग कळलं, की तो मजकूर बडनेऱ्याला जुबेदाफुफीच्या सासरीही पोचला. तिथे ती जुनी सगाई कुणाला ठाऊकच नव्हती. नाकारलेली मुलगी आमच्या गळ्यात बांधली, म्हणून तिच्या नवऱ्यानं तिला कामठीला भावाकडे आणून सोडलं. तिची तीन मुलं बडनेऱ्यातच राहिली.

हे कळल्यावर मी एकटी कामठीला गेले. काय म्हणायचं ते बसमध्ये घोकलं होतं. चाचीनं आत ये म्हटलं, पण माझ्याकडे न पाहता. करीमचाचा मागावर होते. त्यांनी माग थांबवला नाही. मी त्या खटखटीतच माफी मागितली, मग नाव नव्हतं घातलं हे सांगितलं, मग सरांचं, मग पत्रवाल्याचं. माझं बोलणं संपल्यावरही बराच वेळ धोटा इकडून तिकडे जात राहिला. मग त्यांनी मागाच्या पायटीवरून पाय उचलला.

‘खोटं नाही लिवलं तू,’ ते म्हणाले. ‘माह्या पोराचंही खरंच हाय. त्याचा मले राग नाही. पण मनोहरची सोयरीक तुह्या बापानं काहून मोडली, ते कुठं हाय तुह्या पुस्तकात?’

मनोहर माझा मोठा भाऊ. पोस्टात टपालाची छाटणी करायचा, घरी कमी बोलायचा. तीन वर्षांपूर्वी त्याला एका मुलीशी लग्न करायचं होतं. तिच्या घरचे सफाईचं काम करणारे. त्यांनीही आमच्यासारखीच दीक्षा घेतलेली, त्याच मैदानावर. बाबा नाही म्हणाले. ‘ते आपल्यातले नाहीत,’ हे त्यांचे शब्द. मनोहरनं विचारलं होतं, की बाबा, आपल्यातले म्हणजे कोण? बाबा उठून बाहेर गेले होते. ती मुलगी पुढे लग्न होऊन रायपूरला गेली आणि मनोहरनं त्यानंतर लग्नाचा विषय निघू दिला नाही. हे सगळं मी ज्या खोलीत निबंध लिहिला त्याच खोलीत घडलं होतं, मी तिथेच बसले होते, आणि दोनशे पानं लिहिताना ते मला एकदाही आठवलं नव्हतं. बाबांनी ते आपल्या दोस्ताला सांगितलं होतं. दोस्तानं ते कुठेही बोलून दाखवलं नव्हतं.

काय करायचं ते मला परतीच्या बसमध्येच कळलं, पण या वेळी आधी विचारलं. मनोहर सायकलची चेन साफ करत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं चिंधीला हात पुसले, पुन्हा चेन हातात घेतली, आणि म्हणाला, ‘तिचं नाव नको टाकू. माहं टाक.’

नवं प्रकरण पंधरा पानांचं झालं. आता माझा दावा पहिल्यासारखा गुळगुळीत राहिला नव्हता. धर्म समता सांगतो आणि ती खोटी नसते, थाळीत ती मी हातानं अनुभवली. पण लग्नाच्या दारात येऊन ती थबकते, कामठीत आणि इंदोऱ्यातही, आणि जो दुसऱ्यानं नाकारल्याचं दुःख वीस वर्षं सांभाळतो तोच आपल्या दाराशी आलेल्याला परत पाठवतो. सरांनी ती पानं परत केली. म्हणाले, निबंध इस्लामवर आहे, तुमच्या घरावर नाही. मी म्हटलं, सर, माझं घर वगळलं तर हा युक्तिवाद नाही, चहाडी आहे. मी आयुष्यात वरिष्ठांशी इतकं स्पष्ट बोलल्याचे प्रसंग दोन-तीनच. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि सही केली. पुढे परीक्षकांनी ते प्रकरण विषयांतर ठरवलं, माझा पहिला वर्ग थोडक्यात हुकला, कॉलेजातली नोकरी मिळाली नाही आणि मी जन्मभर शाळेत शिकवलं. याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पुष्कळ वर्षं वाटलं.

पण ती पानं मी सरांच्या आधी बाबांना दिली होती. रविवारची दुपार होती, माय शेजारी गेलेली. बाबा खाटेवर बसून वाचू लागले. मी दारात तांदूळ निवडत बसले आणि त्यांच्या पुटपुटीवरून ते कुठे आले ते ओळखत राहिले. ‘मनोहर’ हा शब्द आला. ‘आपल्यातले’ आला. मग पुटपुट थांबली. मी मागे वळून पाहिलं नाही. शेवटी ते म्हणाले, ‘करीमले मराठी वाचता येत नाही. उर्दू येते.’ मी म्हटलं, हो. ‘मंग त्याले कोण वाचून दाखवीन?’ आणि त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला.

आम्ही दोघं बसनं कामठीला गेलो. करीमचाचांनी बाबांना दारात पाहिलं, माग थांबवला आणि खाली उतरले. दोघं पडवीत सतरंजीवर बसले, मी चाचीजवळ. बाबांनी पानं काढली आणि वाचायला लागले, मोठ्यानं, बोट ठेवून, अडखळत. स्वतःबद्दलचं ते सगळं त्यांनी स्वतःच्या तोंडानं वाचलं. ‘ते आपल्यातले नाहीत’ या वाक्याशी ते अडकले. करीमचाचा जमिनीकडे पाहत म्हणाले, ‘वाच गा.’ बाबांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. संपल्यावर करीमचाचा म्हणाले, ‘आता माह्यावालं.’ बाबांनी ते प्रकरणही काढलं. मुलाची गोष्ट करीमचाचांनी मान हलवत ऐकली. मग बहिणीची गोष्ट सुरू झाली आणि त्यांनी हात वर केला. ‘ते सोड. तेवढं फाडून टाक.’

‘काहून फाडता?’ आतून आवाज आला. जुबेदाफुफी दाराच्या चौकटीशी येऊन उभी होती. महिनाभर ती त्याच घरात होती, आणि माझ्या मागच्या फेरीला ती भिंतीपलीकडे सगळं ऐकत असणार, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. चाळिशीची, हडकुळी, डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. ती माझ्याशीच बोलली. ‘तुले भाईजाननं सांगतलं ना, त्या लोकायनं सगाई मोडली म्हणून? ते भाईजानले अम्मीनं सांगतलेलं. मले कोणी इचारलंच नाही.’

मग तिनं सांगितलं. मुलाची आई आणि आत्या तारीख ठरवायला आल्या होत्या. अब्बांनी खास त्यांच्यासाठी विणलेली चादर खाटेवर घातली होती. आत्यानं बसण्याआधी पिशवीतून आपली शाल काढली, त्या चादरीवर पसरली, आणि मग बसली. जुबेदाफुफीनं हे पडद्याआडून पाहिलं. पाहुणे गेल्यावर तिनं अम्मीला सांगितलं, की मी त्या घरी जाणार नाही. अम्मीनं मारलं. चार दिवस ती जेवली नाही. शेवटी अब्बांनी नकार कळवला. पण मुलीनं नाही म्हटलं असं सांगायची लाज वाटून सगळ्या मोहल्ल्यात, आणि मिलवर गेलेल्या करीमचाचांनाही, त्या लोकांनीच मोडली असं सांगितलं. वीस वर्षं ज्या अपमानानं करीमचाचांचा आवाज कडू होत होता, तो असा झालाच नव्हता.

‘मले नाकारलेली म्हणून बडनेऱ्याहून काढलं,’ ती भावाला म्हणाली. ‘तिथं जाऊन खरं सांगा. मंग ठेवायचं त्यायले तर ठेवतील.’ आणि माझ्याकडे वळून, ‘तू काय लिवून राहिली? वाचून दाखव.’

माझ्या मांडीवर वही होती. मी वाचलं, की ‘क यांच्या भगिनीने ही सगाई मोडली.’

तिनं मान हलवली. ‘असं नाही. मी नाही म्हटलं, असं लिव.’

मी आधीचं वाक्य खोडलं आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं.